काचपात्रातील माशांचा दूरचा प्रवास : मुंबई ते नेवासा

हौसेने पाळलेल्या उष्णप्रदेशीय माशांचे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी हलविणे हा विषय प्रथमदर्शनी घरगुती वाटण्याचा संभव आहे. परंतु या घरगुती प्रश्नात शरीरक्रियाशास्त्र व रसायनशास्त्र या दोहोंचाही संबंध इतका निकट आहे, की त्याचे विवेचन येथे करणे अप्रस्तुत ठरू नये. या विवेचनाचे निमित्त एक नेहमी आढळणारी घटना हे होय. मुंबईहून बदली होऊन एखादे कुटुंब नेवाशास येते. प्रवासात मासे पिशवीत जिवंत राहतात, नव्या घरी पोहोचेपर्यंत ते हालचालही करीत असतात. आणि ताज्या, स्वच्छ पाण्यात सोडल्यावर मात्र काही तासांत एकामागून एक मरतात. घरातील मंडळी प्रवासाला बोल लावतात. वस्तुतः प्रवासात ते वाचलेले असतात. पोहोचल्यानंतरच्या एका रासायनिक फेरबदलाने त्यांचा घात होतो. हा फेरबदल कसा घडतो आणि तो टाळण्यासाठी काय करावे, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा हे प्रवरेच्या काठचे गाव. येथून काही अंतरावर, प्रवरासंगम येथे, ही नदी गोदावरीस मिळते. नेवाशास रेल्वे नाही. दौंड–मनमाड मार्गावरील बेलापूर हे स्थानक श्रीरामपुरात आहे, व तेथून पुढे सडकेनेच यावे लागते. त्यामुळे बिऱ्हाड हलविणारा मनुष्य बहुधा मुंबई, पुणे, अहिल्यानगर असा सडकेचाच मार्ग धरतो. हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. घाटातील खोळंबा, जेवणाचा थांबा, सामान चढविण्या-उतरविण्यास लागणारा वेळ हे सर्व जमेस धरले, तर मासे पिशवीत घातल्यापासून बाहेर काढीपर्यंत बारा तास सहज जातात. पुढील हिशेबासाठी हे बारा तासच आपण गृहीत धरू.

जिवंत मासे दूर नेण्याची विद्या आपल्या देशात नवी नाही. बंगालमधील नद्यांतून गोळा केलेले रोहू, कटला, मृगळ यांचे बीज मातीच्या हंड्यांत भरून कलकत्त्याहून रेल्वेने इतर प्रांतांत पाठविले जात असे. बीजाबरोबर माणसे प्रवास करीत. ती हंड्यातील पाणी हाताने हलवीत राहत, मेलेली पिल्ले काढून टाकीत आणि वाटेत पाणी बदलीत. हंड्यात थोडी तांबडी माती कालविण्याचीही चाल होती. पाण्यातील सेंद्रिय घाण तिच्याबरोबर तळाशी बसे. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधुरी व त्यांचे सहकारी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून मत्स्यबीजाची उपलब्धता वाढत गेली, आणि हंड्याची जागा प्राणवायूने भरलेल्या पॉलिथिनच्या पिशवीने घेतली. शोभेच्या माशांचा आजचा सर्व व्यापार याच पिशवीवर चालतो. पिशवी आली आणि पाणी हलविणारा माणूस गेला, एवढाच फरक लोकांच्या ध्यानी आला. पिशवीच्या बंद पोटात काय चालते, याचा विचार मात्र सामान्यतः केला जात नाही.

सहा लिटर मावतील अशी एक पिशवी आपण घेऊ व तीत प्रत्येकी पाच ग्रॅम वजनाचे दहा मासे ठेवू. लहान उष्णप्रदेशीय मासा दर किलोग्रॅम वजनामागे ताशी सुमारे तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो असे धरले, तर या पन्नास ग्रॅम माशांना तासाला पंधरा आणि बारा तासांत एकशे ऐंशी मिलिग्रॅम प्राणवायू लागेल. आता दयाळू मालक काय करतो ते पाहा. माशांना मोकळे वाटावे म्हणून तो पिशवी तोंडापर्यंत पाण्याने भरतो. पंचवीस अंश सेल्सियस तपमानास हवेने संपृक्त झालेल्या एका लिटर पाण्यात जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे सहा लिटरांत पन्नासही नाही. हा साठा तीन-साडेतीन तासांत संपतो, आणि मासे पुण्याच्या अलीकडेपलीकडेच गुदमरतात. याच पिशवीत दोन लिटर पाणी व चार लिटर साधी हवा ठेवली, तर त्या हवेत सुमारे अकराशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हवेऐवजी शुद्ध प्राणवायू भरला, तर तो पाच हजार मिलिग्रॅमांच्याही वर जातो. माशाच्या जीविताचा आधार पाणी नसून पाण्यावरची पोकळी आहे, हे विधान ऐकण्यास चमत्कारिक वाटते खरे. पण हिशेब तेच सांगतो. एक भाग पाणी व दोन किंवा तीन भाग वायू हे व्यापाऱ्यांचे प्रमाण यामुळेच रूढ झाले आहे.

पोकळीतील प्राणवायू पाण्यात उतरण्यास पृष्ठभाग हवा. म्हणून पिशवी उभी टांगण्यापेक्षा खोक्यात आडवी ठेवणे श्रेयस्कर. गाडीच्या हादऱ्यांनी पाणी हलत राहते व वायूची देवघेव चालू राहते. जुन्या काळी हंड्याजवळ बसलेल्या माणसाचे काम आता रस्त्यावरील खड्डे करतात, असे विनोदाने म्हणता येईल. गाडी तासन् तास एका जागी उभी राहिली, तर मात्र पिशवी अधूनमधून हलकेच डोलवावी.

येथवरचा हिशेब पाहता प्राणवायूची चिंता फारशी उरत नाही. उरते ती माशांनी स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्यांची. श्वसनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वरील पिशवीत बारा तासांत तो सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास जमेल, व त्यापैकी पाण्यात राहणारा भाग लिटरला सुमारे तीस मिलिग्रॅम भरेल. याने मासे सुस्तावतात, त्यांचा श्वास जलद होतो. पण इतक्या प्रमाणात तो सहसा प्राणघातक होत नाही. मात्र त्याच्या योगाने पाणी आम्लतेकडे झुकते. दुसरे द्रव्य अमोनिया. ते मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडते, आणि उपाशी माशाच्याही शरीरात त्याची निर्मिती थांबत नाही. ताशी दर किलोग्रॅमला पंधरा मिलिग्रॅम हे प्रमाण धरले, तर बारा तासांनंतर आपल्या पिशवीतील पाण्यात लिटरमागे साडेचार मिलिग्रॅम अमोनिया साठलेला असेल.

हा आकडा मोठा आहे. तरीही मासे जिवंत राहतात, याचे कारण अमोनियाची पाण्यातील दोन रूपे. एक मुक्त अमोनियाचे. ते कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज शरीरात शिरते व विषारी असते. दुसरे अमोनियम आयनाचे; त्यावर विद्युद्भार असल्यामुळे ते पडद्यातून सहजी जात नाही, आणि त्या मानाने निरुपद्रवी असते. कोणते रूप किती असावे हे पाण्याच्या सामूवर अवलंबून आहे. मातीच्या तपासणीच्या पत्रकामुळे ‘सामू’ हा शब्द नेवासा तालुक्यातील शेतकऱ्यास पंडिताइतकाच परिचित आहे. सात हा उदासीन बिंदू, त्याखाली आम्लता, त्यावर अल्कता. पंचवीस अंश तपमानास सामू साडेसहा असेल, तर एकूण अमोनियापैकी मुक्त रूपात एक पंचमांश टक्क्याहूनही कमी असतो. सामू सात असताना अर्ध्या टक्क्यापेक्षा किंचित अधिक, आठ असताना पाच टक्क्यांहून अधिक, व ८.३ असताना दहा टक्के. तपमान वाढले की हे प्रमाण आणखी वाढते.

म्हणजे पिशवीत कार्बन डायऑक्साइडने आणलेली आम्लता हीच माशांचे अमोनियापासून रक्षण करीत असते. एका त्याज्य वायूने दुसऱ्या विषाचे दात पाडावेत, हा निसर्गाचा मोठा मार्मिक व्यवहार होय. परंतु पिशवीचे तोंड उघडताच हे रक्षण संपते. साठलेला वायू उडून जातो, सामू वर चढू लागतो, आणि बारा तास निपचित पडलेला अमोनिया त्याच पाण्यात विषारी रूप धारण करू लागतो.

नेवाशाच्या पाण्याचा विचार आता अपरिहार्य होतो. मुंबईस येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा इत्यादी जलाशयांचे. सह्याद्रीवरील पावसाचे, आणि म्हणून मृदू. त्यात चुन्याचे क्षार थोडे व अल्कता अल्प. नेवासा तालुका दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातून झिरपलेले विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी सामान्यतः कठीण असते, आणि त्याचा सामू आठच्या आगेमागे असतो. पाटपाण्याच्या प्रदेशात निचरा नीट नसेल तेथे जमिनीतील क्षार वर येऊन विहिरींचे पाणीही मचूळ होते. डाळ न शिजणे, साबणास फेस न येणे, भांड्यांवर पांढरा थर बसणे या खुणांवरून गृहिणी असे पाणी ताबडतोब ओळखते. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

मृदू पाण्यात आम्लता शोषून घेण्याची शक्ती कमी. म्हणून मुंबईच्या पाण्याने भरलेल्या पिशवीचा सामू बारा तासांत साडेसहापर्यंत खाली येऊ शकतो. त्या वेळी मुक्त अमोनिया लिटरला एक शतांश मिलिग्रॅमहूनही कमी असतो. नेवाशास पोहोचल्यावर, माशांना नव्या पाण्याची सवय व्हावी या सद्हेतूने, मालक पिशवी उघडून तीत विहिरीचे पाणी वाटी-वाटीने घालू लागतो व तास-दोन तास हा क्रम चालवितो. कठीण पाण्याच्या मिश्रणाने सामू आठावर जातो. तो ८.३ झाला, तर मुक्त अमोनियाचे प्रमाण पूर्वीच्या पन्नासपटींहून अधिक होते. विहिरीच्या पाण्याने अमोनिया थोडा विरळ होतो हे खरे. परंतु पाणी दुप्पट झाल्याने तो निम्मा होईल, आणि येथे तर वाढ पन्नासपट आहे. सवय लावण्याच्या नावाखाली माशांना त्यांच्याच मलमूत्राच्या विषात बसविले जाते. पुष्कळ पुस्तिकांतून व दुकानदारांकडून ‘थेंबथेंब पाणी मिसळा’ असा उपदेश सरसकट केला जातो. दुकानातून घरी, अर्ध्या तासाच्या अंतरावर आणलेल्या माशांसाठी तो योग्यच आहे; बारा तास कोंडलेल्या माशांसाठी तो प्रस्तुत लेखकाच्या मते घातक आहे.

यावर उपाय पिशवीत शोधावयाचा नसून आगाऊ तयार केलेल्या टाकीत शोधावयाचा आहे. मासे येण्यापूर्वी नव्या घरी टाकी भरलेली असावी, आणि तिच्यातील पाणी शक्य तितके मुंबईच्या पाण्यासारखे असावे. याची सोपी रीत अशी, की जुन्या टाकीतील निम्मे-अधिक पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून बरोबर आणावे. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा टाकीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. त्यातील तीस लिटर आणणे अशक्य नाही. उरलेले पाणी पावसाचे किंवा पाटाचे घ्यावे. मुळा धरणाचा उजवा कालवा या तालुक्यात येतो, व त्याचे पाणी डोंगरातील असल्यामुळे विहिरीच्या पाण्याहून पुष्कळ मृदू असते. मात्र शेतातील औषधे मिसळण्याचा संभव असेल तेथे ते वर्ज्य करावे. नळाचे पाणी घेतल्यास त्यातील क्लोरीन घालविण्यास छायाचित्रकारांच्या हायपोचे दोन-चार खडे पुरतात. मासे स्थिरावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, दर खेपेस थोडे थोडे पाणी बदलून, त्यांना स्थानिक पाण्यावर आणावे. सवय लावणे ते हे. आणि ते विषमुक्त टाकीत लावावयाचे आहे.

पोहोचल्यावरचा क्रमही यावरून ठरतो. बंद पिशवी न उघडता टाकीच्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे तपमान सारखे होईल. मग तोंड उघडून, रेंगाळता मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. खोलीतील दिवा मंद ठेवावा व त्या दिवशी खाद्य घालू नये. लहान मुलांना ही शेवटची गोष्ट पटविणे बरेच कठीण जाते.

प्रवासापूर्वीची तयारी दोन दिवस आधी सुरू करावी. मासे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उपाशी ठेवले, तर प्रवासातील अमोनिया व विष्ठा दोन्ही लक्षणीय घटतात. निरोगी प्रौढ माशास दोन दिवसांच्या लंघनाने काही होत नाही. उलट निघण्याच्या आदल्या रात्री प्रेमाने घातलेले मूठभर खाद्य त्याच्या जिवावर उठते. पिशव्या दुहेरी घ्याव्यात व दोहोंमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालावा. त्याने अंधारही होतो आणि गळतीही रोखली जाते. खालचे दोन कोपरे रबरी बंदाने आवळावेत, अन्यथा लहान मासे त्या चोचीत अडकून चेंगरतात. कॅटफिशांच्या परांना टोकदार काटे असतात. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचा डबाच बरा. एकमेकांचे पर कुरतडणारे मासे निरनिराळ्या पिशव्यांत असावेत.

फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, कारण कल्ल्यांखेरीज त्यांना श्वसनाचे आणखी एक इंद्रिय असते. आपल्याकडील मरळ याच युक्तीने बाजारातील टोपलीत, ओल्या पोत्याखाली, तासन् तास जिवंत राहतो. अशा माशांना थोडे पाणी चालते, पण वर मोकळी हवा हवीच. आणि फायटर तर एका पिशवीत एकच ठेवावा, कारण दोघे असले तर प्रवासाची चिंता करण्याची वेळच येत नाही. गपी सर्वांत काटक. डासांच्या अळ्या खातो म्हणून हा दक्षिण अमेरिकेतील मासा विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणला गेला. आरोग्य खात्याचे कर्मचारी आजही गप्पी मासे साध्या कॅनमधून नेऊन टाक्यांत व डबक्यांत सोडतात, आणि ते तगतात. परंतु गपी तगला म्हणून त्याच पिशवीत टेट्रा किंवा डिस्कसही तगेल, हे अनुमान चुकीचे ठरते.

ऋतूचा विचार थोडक्यात. या भागात वैशाखात पारा चाळीस अंशांवर जातो, व उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहूनही अधिक. ऊब वाढली की माशाची प्राणवायूची गरज वाढते, पाण्याची तो धरून ठेवण्याची शक्ती घटते आणि अमोनिया अधिक विषारी होतो. तिन्ही संकटे एकदम येतात. म्हणून प्रवास रात्री करावा, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवाव्यात आणि तपमान चोवीस अंशांच्या आसपास राखावे. बर्फ पिशवीस भिडवू नये. एकाएकी आलेला गारठा उष्म्याइतकाच वाईट. पौषातील थंडीत तेच खोके ऊब धरून ठेवते. खोके टेम्पोच्या हौद्यात, कपाट आणि पलंगाच्या मध्ये न ठेवता माणसांच्या गाडीत असावे. टाकी मात्र रिकामी करूनच न्यावी. तळाशी चार बोटे पाणी ठेवून नेलेल्या टाकीचे सांधे हादऱ्यांनी उकलतात.

फिल्टरमधील स्पंज धुऊन वाळवून बांधणे हा सुघड गृहिणीचा गुण येथे दोष ठरतो. अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू याच स्पंजावर वस्ती करून असतात. ते वाळले की मरतात, आणि नवी वस्ती पुरती जमण्यास महिना-दीड महिना लागू शकतो. स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला, पण हवा राहील अशा डब्यात आणावा व टाकी भरताच जागी बसवावा. पिशवीतील अमोनिया शोषण्यासाठी व्यापारी झिओलाइट खनिजाचा चुरा वापरतात. आपल्या दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट अशी झिओलाइटे विपुल आढळतात. अमोनियासाठी वापरले जाणारे क्लिनोप्टिलोलाइट हे रचनेने ह्यूलंडाइटाचेच भावंड आहे. मात्र रानातील स्फटिक फोडून पिशवीत टाकण्याचा उद्योग कोणी करू नये. योग्य जातीचा, धुतलेला चुरा विकत मिळतो.

उलट दिशेचा, म्हणजे नेवाशाहून मुंबईस किंवा पुण्यास होणारा प्रवास वेगळ्या रीतीने कठीण आहे. कठीण पाण्यात आम्लता शोषली जाते, म्हणून पिशवीचा सामू सव्वासाताच्या खाली सहसा जात नाही, व मुक्त अमोनियाचे प्रमाण वाटेतच सुमारे एक टक्का राहते. अशा वेळी मासे कमी व उपवास पुरता असावा. पोहोचल्यावर अमोनियाचा झटका बसत नाही, परंतु क्षारांनी समृद्ध पाण्यातून एकदम मृदू पाण्यात गेल्याने माशाच्या शरीरात पाणी शिरू लागते व क्षार बाहेर जाऊ लागतात. गपी व मॉली यांना कठीण पाणीच मानवते. त्यांच्या टाकीत जुने पाणी अधिक ठेवून बदल महिनाभर लांबवावा.

बदलीच्या घाईत काही जण मासे नेण्याचा खटाटोप टाळतात, आणि पुण्यकर्म समजून ते प्रवरासंगमी सोडून देतात. तेथून खाली नाथसागराचा विस्तार सुरू होतो. पैठणचे हे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, आणि त्याच्या काठची अनेक भोई कुटुंबे मासेमारीवर उपजीविका करतात. काचपात्रातील शेवाळ खाण्यासाठी पाळला जाणारा सकर मासा भीमेवरील उजनीच्या जलाशयात जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याच्या खरबरीत काटेरी अंगाने जाळी फाटतात व बाजारात त्याला किंमत येत नाही. दक्षिण अमेरिकेतील हा मासा घरच्या टाक्यांतून बाहेर पडल्याखेरीज येथील जलाशयांत येण्याचा दुसरा मार्ग दिसत नाही. ज्यांना मासे बरोबर नेणे शक्य नसेल, त्यांनी ते गावातील दुसऱ्या हौशी माणसास, शाळेच्या मत्स्यालयास किंवा मासे विकणाऱ्या दुकानदारास द्यावेत, आणि टाकीतील पाणवनस्पती उन्हात वाळवून मगच टाकाव्यात. त्यांच्या पानांवर गोगलगाईंची अंडी असतात.